सहा किलो मोडीत सोने किती? मुलाम्याचे दागिने आणि घरचे तेजाब

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीच्या एका तरुणाच्या मावशीचे म्हापशाच्या बाजारात फॅन्सी दागिन्यांचे दुकान होते, ते आता बंद झाले. उरलेला माल सुमारे ६ किलो: बांगड्या, नेकलेस, जत्रेत खपणाऱ्या साखळ्या, 'एक ग्राम गोल्ड'चे काही हार. शिवाय एका बिस्किटाच्या डब्यात आफ्रिकेत नोकरी करून आलेल्या आजोबांच्या वस्तू: मनगटी घड्याळ, चष्म्याची फ्रेम, एक तुटकी साखळी. त्याने व्हिडिओ पाहिलेत आणि आता विचारतो आहे: नायट्रिक आधी घालायचे की हायड्रोक्लोरिक? सोने किती निघेल? घरामागच्या पडवीत हे केले तर चालेल का? आणि शेवटी उरते ते हिरवे पाणी कुठे ओतायचे?

मी शेटाच्या, म्हणजे सोनाराच्या, घरचा. फोंड्याकडे काकांच्या दुकानात फुंकणी धरायला शिकलो आणि पुढे पस्तीस वर्षे सोने गाळण्यातच गेली. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर कळले की बाकीचे तीन विचारायची वेळ बहुधा येत नाही.

सोने जड धातू आहे, एका घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. त्यामुळे एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका थर असेल तर त्यात १.९३ मिलिग्रॅम सोने असते. एवढा एक आकडा पाठ करा, पुढचा हिशेब तोंडी होतो.

आता तुमच्या ढिगातली एक साधी बांगडी उचला. गोल तारेची, तार ३ मिलिमीटर जाड, आतला व्यास ६ सेंटिमीटर. पितळेची असेल तर वजन १२ ग्रॅमच्या आसपास भरेल आणि सगळीकडून मिळून पृष्ठभाग १९ चौरस सेंटिमीटर. बाजारातल्या फॅन्सी मालावर सोन्याचा थर मायक्रॉनचा दहावा हिस्सा असला तर तो माल बरा म्हणायचा. तेवढा धरला तरी त्या बांगडीवर सोने झाले साडेतीन मिलिग्रॅमच्या जरा वर. किलोत अशा ८४ बांगड्या बसतात, त्यांचे मिळून ३०० मिलिग्रॅम. आमच्या जुन्या मापात अडीच गुंजा. थर ०.०३ मायक्रॉनचा असेल, आणि स्वस्त मालात तो तसाच असतो, तर किलोमागे १०० मिलिग्रॅमसुद्धा नाही. एक गुंजही भरत नाही. आणि हे सगळे कागदावरचे. बांगडी हातात वापरली गेली असेल तर आतल्या बाजूचा मुलामा घामाने आणि घासण्याने कधीच गेलेला असतो.

त्यातही सगळ्या ढिगावर सोने आहे हे गृहीत धरू नका. पिवळे दिसणारे बरेचसे नुसते पितळ असते, झळाळी देऊन वर पारदर्शक लॅकर मारलेले. काही घड्याळे आणि बांगड्या टायटॅनियम नायट्राइडच्या थराने पिवळ्या केलेल्या असतात, त्यात सोन्याचा कणही नसू शकतो. 'एक ग्राम गोल्ड' हे नाव ऐकून लोक हिशेब करतात की दहा हार म्हणजे दहा ग्रॅम. ते मालाच्या प्रकाराचे नाव आहे, वजनाची हमी नव्हे. तांब्यापितळेवर सोन्याचे पाणी चढवलेला माल तो. मुलामा साध्या मालापेक्षा बरा असतो, म्हणून चार वर्षे टिकतो, इतकेच.

हिशेबाच्या सोयीसाठी सोने ग्रॅमला १०,००० रुपये धरा. चांगल्यात चांगल्या किलोतून ३,००० रुपयांचे सोने, तेही एक कणही न सांडता. हलक्या किलोतून ९०० रुपयांचे. आता उलट बाजू बघा. पितळेची मोड भंगारवाला वजनावर घेतो आणि किलोला शेकड्यांत पैसे देतो. तेजाबात, म्हणजे आम्लात, घातली की ती पितळ गेली. म्हणजे हातातले पैसे विरघळवून तुम्ही तळाशी काय उरते ते शोधणार.

आता पहिला प्रश्न, कोणते तेजाब आधी. शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक, सोन्याला एकटे काही करू शकत नाही. ते खालचे तांबे, जस्त, निकेल खाते आणि सोन्याचा पापुद्रा मोकळा पडतो. मिठाचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक, तेही एकटे सोन्यापुढे हतबल. तीन भाग मिठाचे आणि एक भाग शोऱ्याचे एकत्र आले की अम्लराज होतो आणि मग सोने विरघळते. व्हिडिओत लोक सरळ अम्लराजात बांगड्या टाकताना दाखवतात. पाणी रंगते, बघणारा खूश होतो. पण सोने विरघळते तसे शेजारी शिल्लक असलेल्या पितळेवर पुन्हा काळ्या भुकटीच्या रूपाने बसते, कारण पितळ जास्त चटकन विरघळणारी. जोवर पितळेचा शेवटचा तुकडा संपत नाही तोवर हा खेळ चालू राहतो. मुलाम्याचे दोन पैसे सोने मिळवायला अख्खी बांगडी तेजाबाला खाऊ घालावी लागते, दोन्ही वाटांनी.

अख्खी म्हणजे किती, तेही बघा. एक किलो पितळ तीव्र नायट्रिकमध्ये पूर्ण विरघळवायला सुमारे ४ लिटर तेजाब लागते. त्यातून तपकिरी वायू निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, कागदाच्या हिशेबाने जवळजवळ दीड किलो, म्हणजे साडेसातशे लिटरहून जास्त. तेजाब पातळ केले तर वायू कमी होतो आणि थोडा वेगळा निघतो, पण तोही हवेत येऊन तपकिरीच होतो. किलोचे राहू द्या. ती १२ ग्रॅमची एकच बांगडी तीन मीटर लांब, रुंद, उंच अशा बंद खोलीत विरघळवली तर हवेत या वायूचे प्रमाण दहा लाखांत तीनशेच्या वर जाते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने जिवाला तातडीचा धोका मानलेली पातळी दहा लाखांत १३ आहे. एका बांगडीत पंचवीसपट.

या वायूबद्दल एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत, आणि मला ती शिकायला इस्पितळात जावे लागले. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. जुलै महिना, पाऊस असा की अंगणातले दिसत नव्हते. काका सावंतवाडीला गेलेले. दुकानाच्या मागच्या खोलीत मुलाम्याची मोड पडलेली होती, म्हटले काका यायच्या आत करून दाखवू. झड आत येत होती म्हणून खिडकी लावून घेतली. चिनी मातीच्या बरणीत तेजाब होते, त्यात मोड एकदम मूठभर टाकली. मिनिटभर काहीच झाले नाही, म्हणून आणखी मूठभर. मग सगळे एकदम उसळले. बरणीच्या तोंडातून विटेच्या रंगाचा धूर असा जाड आला की वाटावे हाताने बाजूला सारता येईल. मी तोंडाला टॉवेल धरून बरणी बाहेर नेली. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आले, अर्ध्या तासात सगळे थांबले. दुपारी जेवलो. संध्याकाळी तर दुकानही उघडले. रात्री अकराला पाठीवर झोपता येईना. एकच्या सुमारास बोलायला श्वास पुरेना आणि थुंकीत गुलाबी फेस दिसला. घरच्यांनी तोवर गूळ आणि दूध दिले होते, आमच्या धंद्यातला जुना उपाय. त्याने काहीही होत नाही. उलट त्यात दोन तास गेले.

नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसात खोलवर जाऊन हळूहळू काम करतो. सुरुवातीचा खोकला थांबतो, माणसाला बरे वाटते आणि काही तासांनी, कधी एका दिवसानेही, फुप्फुसात पाणी भरते. म्हणून तो धूर कोणाच्याही नाकात गेला असेल तर त्याला बरे वाटते आहे म्हणून घरी बसवू नये. १०८ ला फोन करावा किंवा सरळ बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यावे, आणि डॉक्टरांना 'नायट्रिकचा तपकिरी धूर, अमुक वाजता' असे स्वच्छ सांगावे. कापडी रुमाल, कोविडचा मास्क, यांतून हा वायू सरळ आरपार जातो. जाता जाता: त्या दिवशी खोलीत टांगलेल्या माझ्या कानशी, पकडी, तार ओढायचे जंतर सगळे आठवड्यात गंजून लाल झाले. फुप्फुसे बरी झाली, पण ते जंतर काकांनी मला दाखवायला म्हणून टाकून दिले नाही.

तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळालेच. पडवी उघडी असते खरी, पण वारा तुमच्या हातात नाही. पावसाळ्यात धूर जमिनीलगत रेंगाळतो आणि शेजारच्या खिडकीतून आत जातो. बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा तर विसराच. आम्ल-धूर पंख्याच्या मोटारीतून जातो, पंखा आठवड्यात मरतो आणि पाइपाचे दुसरे तोंड कोणाच्या तरी अंगणात असते.

तुम्ही आणखी काही व्हिडिओ पाहिले असणार, म्हणून तीन गोष्टी सांगून ठेवतो. मिठाच्या तेजाबात ब्लीचिंगचे द्रावण घालून सोने विरघळवायची एक युक्ती फिरते. त्यातून क्लोरीन निघतो, आणि संडास साफ करताना ही दोन्ही मिसळून माणसे बेशुद्ध पडल्याची उदाहरणे तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असतील. दुसरे, नायट्रिक आणि दारू, स्पिरिट, फेणी यांची गाठ कधीही पडू देऊ नये, तसेच ते पुसलेले फडके किंवा लाकडाचा भुसा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. पहिल्याचा स्फोट होतो, दुसरे पेटते. तिसरे, कोणी 'सोने उतरवायचे पाणी' म्हणून बाटली देऊ केली तर हात लावू नका. मुलामा चढवणाऱ्यांकडे आणि उतरवणाऱ्यांकडे सायनाइडचे द्रावण असते, आणि त्यात आम्लाचा थेंब पडला की जो वायू निघतो तो वास घ्यायलाही वेळ देत नाही.

तेजाब विकत घेताना दुकानदार ओळखपत्र मागेल, कशासाठी हवे ते विचारेल आणि नोंदवहीत लिहील. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसे बंधन घातले आहे. राग धरू नका.

हिरवे पाणी. हा प्रश्न विचारलात याचेच मला बरे वाटले, बहुतेक जण विचारत नाहीत आणि झाडाच्या बुंध्याशी ओततात. त्या पाण्यात तांबे, जस्त, निकेल विरघळलेले असते, वर उरलेले आम्ल. आपल्याकडे जमीन जांभ्याची. चिऱ्याच्या खाणीचा कापलेला उभा भाग बघा, सगळीकडे भोके असतात. पहिल्या पावसात अंगणातले पाणी किती पटकन नाहीसे होते ते तुम्ही रोज बघता. ते जाते कुठे, तर विहिरीत. सोक पिट, न्हाणीची मोरी, माडाचे आळे, कुठेही ओतले तरी वाट तीच. आणि नाल्याने खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, गेले तर मासे आणि खेकड्यांना तांबे फार थोड्या प्रमाणातही मारते. आम्ही काय करायचो: लोखंडाचे तुकडे टाकून तांबे खाली बसवायचे, मग चुना घालून बाकीचे धातू गाळात उतरवायचे, वरचे पाणी तपासायचे आणि गाळ धोकादायक कचरा म्हणून परवानाधारकाला द्यायचा. किलोभर पितळेमागे बादलीभर चिखल होतो. ३०० मिलिग्रॅम सोन्यासाठी बादलीभर चिखल सांभाळायची तुमची तयारी आहे का, ते तुम्ही ठरवा.

इथवर नकारच दिला. पण तुमच्या पत्रात एक बिस्किटाचा डबा आहे, आणि माझे सगळे लक्ष त्याच्याकडे आहे.

मुलाम्याच्या मोडीतून सोने शोधायचे काम डोळ्याने आणि कानशीने होते. तेजाब सगळ्यात शेवटी, तेही ज्याच्याकडे साधने आहेत त्याच्या हातून. केरातले सोने धुऊन काढणारे झारेकरी आमच्या दुकानातला केर विकत न्यायचे, ते मला आठवतात. लाकडी पाटाखालची धूळ, फाटकी चटई, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, भट्टीतली राख. ती माणसे धूळ बोटांत चोळून बघायची आणि भाव सांगायची, कारण कुठल्या कोपऱ्यात कानस चालते हे त्यांना ठाऊक असायचे. तुम्हीही ढीग विरघळवण्याआधी असाच वाचायला शिका.

भर दुपारच्या उजेडात पांढरी चादर अंथरा, लोहचुंबक आणि भिंग घ्या. चुंबकाला चिकटेल ते बाजूला काढा, ते लोखंडावरचा मुलामा, त्यात वेळ घालवू नका. मग शिक्के वाचा. आकड्यांचे आणि इंग्रजी अक्षरांचे हे छोटे ठसे साखळीच्या कडीवर, घड्याळाच्या पाठीवर, चष्म्याच्या दांडीच्या आत असतात. 'जीपी' म्हणजे साधा मुलामा. 'एचजीई' म्हणजे जाड मुलामा, पण मुलामाच. 'जीएफ' दिसले तर थांबा. ते गोल्ड फिल्ड. त्यात पितळेवर सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाबाने चिकटवून मग तो ओढलेला असतो, विजेने चढवलेला पापुद्रा नाही. शिक्का '१/२० १२ कॅरट' असा असेल तर वजनाचा विसावा हिस्सा १२ कॅरटचे सोने, म्हणजे एकूण वजनाच्या अडीच टक्के चोख. तुमची तुटकी साखळी अशी निघाली आणि २० ग्रॅमची असली, तर तिच्यात अर्धा ग्रॅम चोख सोने. त्या जुन्या चष्म्याच्या फ्रेमा तर '१/१० १२ कॅरट'च्याही असत, त्यात ५ टक्के. भारतात हा माल फारसा बनला नाही, पण नैरोबी, मोझांबिक, लिस्बन इथून परतलेल्या गोंयकारांच्या ट्रंकांत तो निघतो. माझ्या हातून किमान शंभर फ्रेमा गेल्या असतील.

घड्याळ. पाठीवर किंवा लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या कानांच्या, आत '२० मायक्रॉन' असे कोरलेले आहे का बघा, कधी '१०' असते. २० मायक्रॉनच्या केसवर, पाठ स्टीलची सोडून, साधारण १० चौरस सेंटिमीटर जागा आणि थर १८ कॅरटचा धरला तर दोन-अडीचशे मिलिग्रॅम चोख सोने भरते. तुमच्या साठेक बांगड्यांवर मिळून जितके, तितके या एका घड्याळावर. मात्र ते चालत असेल, किंवा बंद असले तरी तबकडी स्वच्छ असेल, तर मोडू नका. जुन्या घड्याळांचे शौकीन सोन्याच्या किमतीपेक्षा जास्त देतात.

'९२५' लिहिलेले पिवळे असेल तर ते चांदीवरचा मुलामा. सोन्याचे विसरा, चांदीचेच पैसे करा. आणि '८००' हा आकडा आपल्याकडे घोळ घालतो. पोर्तुगीज सोने १९.२ कॅरटचे असते, हजारात ८०० भाग, त्यामुळे जुन्या घरातल्या खऱ्या सोन्याच्या डागावर, म्हणजे दागिन्यावर, ८०० दिसू शकते. पण इतर देशांत ८०० हा चांदीचाही कस आहे आणि तिच्यावर मुलामा असू शकतो. म्हणून शिक्का बघून नाचू नका, कानस लावा.

कानस अशी लावायची. न दिसणाऱ्या जागी, कडीच्या आत, त्रिकोणी कानशीने एक बारीक खाच. भिंगातून खाचेचा तळ बघा. लाल दिसला तर तांबे, लिंबासारखा पिवळा दिसला तर पितळ, पांढरा दिसला तर चांदी किंवा निकेलचा मिश्र धातू. आणि तळ आणि वरचा रंग एकच, मऊ, थोडा लालसर पिवळा दिसला, कानशीला धातू चिकटल्यासारखा वाटला, तर तो डाग तसाच डबीत ठेवा आणि शेटाकडे न्या. तो कसोटीवर घासेल, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सुया घासेल, आणि दोन्ही रेघांवरून तेजाबाचा थेंब फिरवेल. पितळेची रेघ हिरवी होऊन उडून जाते. सोन्याची राहते. ज्या तेजाबाचा तुम्ही कॅन आणणार होता त्याचा एवढाच थेंब कामाला पुरतो. हॉलमार्क केंद्रातल्या एक्स-रे यंत्रावरही तपासून घेता येते, फक्त मुलाम्याच्या डागावर ते यंत्र वरचा थर आणि खालचा धातू एकदम वाचते आणि भलताच आकडा दाखवते, त्यामुळे खाच असलेली जागा त्यांच्यासमोर धरा.

मावशीचे दुकान आवरताना घरात कुठे जुने शालू, जरीकाठी सोवळी पडलेली असतील तर तीही बघा. खऱ्या जरीत चांदीची तार असते, वर सोन्याचा हात दिलेला. जरीचा एक धागा उसवून काडीवर धरा: प्लास्टिकची जर वितळून गोळी होते, खरी असेल तर रेशीम जळून धातूची तार उरते. तार कशाची आहे ते पुढे कसोटीला विचारा. तुमच्या सहा किलोंपेक्षा एक जुना शालू जास्त मोलाचा ठरेल असा माझा अंदाज आहे.

वेगळे काढलेले कुठे न्यायचे? गलाईवाल्याकडे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसे देशभर सोने गाळायच्या धंद्यात आहेत, गोव्यातही आहेत. सराफाच्या गल्लीत कोणालाही विचारा, दुकान दाखवतील. त्यांच्याकडे धुराडे असते, धूर धुऊन काढायची सोय असते. तुमचा गोल्ड फिल्ड माल ते पातळ नायट्रिकमध्ये सोडतात, पितळ निघून जाते आणि तळाशी कांद्याच्या पातीसारखे, आतून पोकळ, सोन्याचे पापुद्रे उरतात. साखळीच्या कड्यांचा आकारही तसाच राहिलेला असतो, हात लावला की चुरतो. मी एवढी वर्षे बघितले, तरी ते बघायला पुन्हा थांबलो असतो. ते पापुद्रे धुऊन थोड्याशा अम्लराजात घालायचे, पाणी मधासारखे पिवळे होते. चांदी असेल तर ती दह्यासारखी पांढरी होऊन खाली बसते, ती गाळायची. मग हिराकस किंवा मेटाबायसल्फाइट टाकले की सोने उतरते. चमकत वगैरे नाही उतरत. नाचणीच्या अंबिलीसारखा तपकिरी गाळ दिसतो, आणि नवखा माणूस तो घाण समजून ओतून देतो. नायट्रिक जास्त राहिले असेल तर तेही उतरत नाही आणि नवखा 'यात सोनेच नव्हते' म्हणून पाणी फेकतो. अनुभवी माणूस कथिलाच्या क्षाराचा एक थेंब टाकून बघितल्याशिवाय पाणी टाकत नाही. जांभळे झाले तर सोने अजून आत आहे. तो गाळ धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत वितळवला की १०६४ अंशांना पहिल्यांदा सोने सोन्यासारखे दिसते.

बांगड्या, साखळ्या, एक ग्रामचे हार यांचे सरळ सांगतो. ज्या चांगल्या दिसतात त्या भजनी मंडळाला, नाटकवाल्यांना, शिगम्याच्या पथकांना द्या किंवा विका. गोव्यात गावागावांत नाटके होतात, राजा आणि राणी दोघांनाही दागिने लागतात. किलोच्या भावाने मिळणार नाहीत एवढे पैसे त्यातून येतील. बाकीचे खडे काढून, लोखंड वेगळे करून पितळेच्या मोडीत घाला. खडे काढण्यात संध्याकाळ गेली तरी काढा, नाहीतर भंगारवाला भाव पाडतो.

गलाईवाल्याकडे जाताना घरून वजन करून जा, प्रत्येक प्रकार वेगळ्या पुडीत, पुडीवर वजन लिहून. मजुरी आणि घट किती धरणार ते आधी विचारा. वितळवताना समोर बसू द्या म्हणा, चांगला गलाईवाला नाही म्हणत नाही. आणि आजोबांच्या चष्म्याच्या काचा घरीच काढून ठेवा. तो काचेचे वजन वजा करेलच, पण किती वजा करायचे ते मग तो ठरवतो.